एका पानापुरती सीएसएस ठेवायची कुठे?

रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या ३.१ आवृत्तीसोबत २०११ साली ॲसेट पाइपलाइन (सीएसएस वगैरे फाइली जोडून ब्राउझरकडे पाठवणारी यंत्रणा) आली आणि तिच्याबरोबर एक गल्लतही आली. ती आजही नव्या-जुन्या प्रकल्पांत भेटते. नवा कंट्रोलर (एका विषयाच्या विनंत्या हाताळणारा कोड) जनरेट केला की त्याच्या नावाची स्टाइलशीट आपोआप तयार व्हायची. फाइलच्या माथ्यावर टीप असायची: या कंट्रोलरशी संबंधित स्टाइल्स इथे लिहा, त्या आपोआप ॲप्लिकेशन डॉट सीएसएसमध्ये सामील होतील. टिपेचा पहिला भाग वाचला की वाटतं, ही फाइल त्याच पानांपुरती आहे. दुसरा भाग नेमकं उलटं सांगतो. ॲप्लिकेशन डॉट सीएसएसमधली 'रिक्वायर ट्री' ही ओळ फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकत्र जोडते आणि ती एकच मोठी फाइल प्रत्येक पानावर जाते. त्यामुळे बिलांच्या फाइलीत कुणी नुसत्या टेबल टॅगला रुंदी दिली की सभासदांच्या यादीतलं टेबलही तेवढंच होऊन बसतं. वर, 'रिक्वायर ट्री' कोणत्या क्रमाने फाइली जोडेल यावर विसंबू नका, असं रेल्सचं गाइडच सांगतं.

या सगळ्याच्या मुळाशी तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकच समजले जातात. नियम कोणत्या फाइलीत लिहायचा, तो कोणत्या पानावर लागू व्हावा, आणि ती फाइल ब्राउझरकडे कधी जावी. फाइल वेगळी केल्याने फक्त पहिला प्रश्न सुटतो. दुसरा सिलेक्टरने (नियम कोणत्या एलिमेंटला लागेल ते सांगणाऱ्या भागाने) सोडवायचा असतो आणि तिसरा लिंक टॅगने. माझं ठाम मत आहे की बहुतेक ॲप्लिकेशन्सना पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरं पुरेशी असतात. तिसऱ्याकडे वळावंच लागतं अशी पानं मोजकी असतात.

पुढच्या विवेचनासाठी एक ओळखीचं ॲप्लिकेशन समोर ठेवू: सहकारी गृहनिर्माण संस्थेचा कारभार. देखभाल बिलं, सभासदांची यादी, तक्रारी, आणि सचिव-खजिनदारांसाठी ॲडमिन विभाग.

बॉडीवरचा क्लास आणि तो कुठे गळतो

रूढ उपाय असा: लेआउटमध्ये बॉडी टॅगला कंट्रोलरचं आणि ॲक्शनचं (कंट्रोलरमधल्या एकेका कामाचं) नाव क्लास म्हणून द्यायचं. बिल दाखवणाऱ्या पानाला 'बिल्स' आणि 'शो' असे दोन क्लास मिळतात आणि त्या पानाचे सगळे नियम '.बिल्स.शो' च्या आत लिहायचे. एका ओळीचं काम, लगेच फरक दिसतो. म्हणूनच ते सर्वत्र आढळतं.

पहिली अडचण नेमस्पेसची. 'कंट्रोलर नेम' फक्त शेवटचं नाव देतं, त्यामुळे सभासदाचं बिलांचं पान आणि ॲडमिनमधलं बिलांचं पान या दोघांनाही 'बिल्स' हाच क्लास मिळतो. 'कंट्रोलर पाथ' वापरला तर 'ॲडमिन/बिल्स' मिळतं, पण त्यातली तिरकी रेघ सिलेक्टरमध्ये एस्केप केल्याशिवाय चालत नाही. तिच्या जागी डॅश घालावा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. खजिनदार नवीन बिलाचा फॉर्म उघडतो. ॲक्शन 'न्यू', बॉडीवर 'बिल्स न्यू', सगळं नीटनेटकं. तो रक्कम भरायला विसरतो आणि सेव्ह दाबतो. विनंती 'क्रिएट' ॲक्शनकडे जाते, व्हॅलिडेशन नापास होतं, आणि कंट्रोलर ४२२ स्टेटससह 'न्यू' चंच टेम्प्लेट पुन्हा रेंडर करतो. टेम्प्लेट तेच, पण ॲक्शनचं नाव आता 'क्रिएट'. बॉडीवरचा क्लास बदलला, '.बिल्स.न्यू' च्या आतले सगळे नियम निकामी झाले, आणि लाल अक्षरांतल्या चुका विस्कटलेल्या फॉर्मवर दिसतात. वापरणाऱ्याला मदतीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच पान मोडतं. 'एडिट' आणि 'अपडेट' या जोडीचंही हेच. सगळे रकाने बरोबर भरून चाचणी केली की हे कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीच्या यादीत रिकामा फॉर्म पाठवणं असलंच पाहिजे.

काही जण यावर सिलेक्टरची जोडी लिहितात, '.बिल्स.न्यू, .बिल्स.क्रिएट'. चालतं, पण तिसरी अडचण त्यानेही सुटत नाही. पानाचा एक भागच बदलणारी टर्बो लायब्ररीची फ्रेम वापरली की यादीच्या पानातच एखाद्या ओळीचा एडिट फॉर्म उघडतो. सर्व्हरकडून एडिटचं उत्तर येतं, पण टर्बो त्यातली नेमकी ती फ्रेम उचलतं आणि बाकीचं टाकून देतं. बॉडी यादीच्या पानाचीच राहते, तिच्यावरचा क्लास 'इंडेक्स'च राहतो. '.बिल्स.एडिट' ला लटकवलेला प्रत्येक नियम अशा वेळी गैरहजर असतो.

तिन्ही अडचणींना एकच उत्तर आहे: क्लास बॉडीवर ठेवू नका, टेम्प्लेटच्या स्वतःच्या सर्वांत बाहेरच्या एलिमेंटवर ठेवा. बिलाचा फॉर्म ज्या पार्शलमध्ये (अनेक पानांत वापरता येणाऱ्या टेम्प्लेटच्या तुकड्यात) आहे त्या पार्शलच्या फॉर्म टॅगलाच 'पान-बिल-फॉर्म' असा क्लास द्या. मग तो 'न्यू' मधून येवो, 'क्रिएट' मधून येवो किंवा फ्रेममधून दुसऱ्याच पानात येवो, त्याचा क्लास त्याच्यासोबत फिरतो. कंट्रोलरचं नाव बदललं तरी सीएसएसला हात लावावा लागत नाही. एचटीएमएल वाचणाऱ्यालाही कळतं की या भागाची स्वतःची स्टाइल आहे, कारण क्लास डोळ्यांसमोर लिहिलेला असतो.

बॉडीवरचा क्लास अगदी काढून टाका असं नाही. लॉगिनच्या पानाची पार्श्वभूमी, ॲडमिनमधली बाजूपट्टी अशा पूर्ण चौकटीच्या गोष्टींसाठी तो योग्यच आहे. पण मग तो लेआउटच्या नावाचा असावा, ॲक्शनच्या नावाचा नको. आणि तो बॉडीवरच असावा, एचटीएमएल टॅगवर नको. टर्बो पानं बदलताना बॉडी नवी आणतं, एचटीएमएल टॅगवरचे क्लास मात्र तसेच मागे राहतात.

वजनाचा प्रश्न

पानाचा क्लास बाहेर लावला की आतल्या प्रत्येक नियमाचं वजन वाढतं, आणि इथून '!इम्पॉर्टंट' ची साथ सुरू होते. एक उदाहरण जवळून पाहू. सामायिक फाइलीत '.बटन' ला निळा रंग आहे आणि '.बटन-डेंजर' ला लाल. दोघांची स्पेसिफिसिटी, म्हणजे सिलेक्टरचं वजन (आयडी, क्लास, टॅग यांची संख्या), ०,१,०, त्यामुळे नंतर लिहिलेला लाल जिंकतो. आता बिलांच्या पानावर बटणं जरा फिकट हवीत म्हणून कुणी '.पान-बिल .बटन' ला फिकट निळा दिला. याची स्पेसिफिसिटी ०,२,०. त्या क्षणी बिलांच्या पानावरचं 'बिल रद्द करा' हे लाल बटण फिकट निळं होतं. लाल परत आणायला '.पान-बिल .बटन-डेंजर' लिहावं लागतं, मग त्याचं होव्हर, मग डिसेबल्ड. दोन महिन्यांत सामायिक बटणाची अर्धी फाइल पानाच्या फाइलीत उतरलेली असते.

यावर दोन गोष्टी कराव्यात. एक, पानाच्या फाइलीत सामायिक घटकाचं रूप बदलायचंच नाही. रंग, कडा, फॉन्ट, आतलं पॅडिंग हे घटकाचं स्वतःचं. पानाने फक्त मांडणी सांगावी: किती कॉलम, कोणता भाग कुठे, दोघांत किती अंतर. फिकट बटण खरोखर हवं असेल तर तो बटणाचा नवा प्रकार आहे आणि त्याची जागा बटणाच्या फाइलीत आहे. ही एक शिस्त पाळली तर पानाच्या फाइली वीस-तीस ओळींच्या वर क्वचितच जातात. पानाची फाइल दोनशे ओळींची झाली की समजावं, तिच्यात एखादा घटक दडलेला आहे आणि तो बाहेर काढायची वेळ आली.

दुसरी गोष्ट, पानाचा क्लास ':व्हेअर' मध्ये गुंडाळावा. ':व्हेअर' च्या कंसात काहीही लिहिलं तरी त्याचं वजन शून्य धरलं जातं, त्यामुळे ':व्हेअर(.पान-बिल) .बटन' ची स्पेसिफिसिटी पुन्हा ०,१,० होते. क्रोम ८८ पासून, म्हणजे २०२१ च्या सुरुवातीपासून, ते सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतं. यात नियमांचा क्रम मात्र महत्त्वाचा ठरतो. त्यासाठी लेयर आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

क्लासच्या कुंपणात न मावणाऱ्या गोष्टी

काही नियमांना सिलेक्टरच नसतो, त्यामुळे पानाचा क्लास त्यांना आवरू शकत नाही. '@कीफ्रेम्स' चं नाव सगळ्या ॲप्लिकेशनला सामायिक असतं. दोन पानांच्या फाइलींत 'फेड' नावाचं ॲनिमेशन असेल तर शेवटी आलेलं जिंकतं आणि पहिल्या पानावरची हालचाल मुकाट बदलते. नावाला पानाचं उपपद लावणं हाच उपाय. '@फॉन्ट-फेस' चंही तसंच. कस्टम प्रॉपर्टी ':रूट' वर लिहिली तर ती सर्वत्र जाते, म्हणून पानापुरती असेल तर पानाच्या बाहेरच्या एलिमेंटवर लिहावी.

सर्वांत जास्त त्रास '@पेज' देतं. देखभाल बिल ए५ कागदावर आडवं छापायचं असतं, म्हणून बिलाच्या फाइलीत '@पेज' मध्ये 'साइझ: ए५ लँडस्केप' लिहिलं जातं. फाइल मोठ्या बंडलमध्ये जोडली गेली की तक्रारींचं रजिस्टरही ए५ वर छापलं जाऊ लागतं आणि शेवटचे कॉलम कापले जातात. '@पेज' ला '.पान-बिल' च्या आत ठेवून उपयोग नाही. यावर नाव दिलेलं पेज वापरता येतं: '@पेज बिल' असं नाव द्यायचं आणि '.पान-बिल' ला 'पेज' या प्रॉपर्टीत तेच नाव लिहायचं. हे क्रोममध्ये ८५ पासून आणि फायरफॉक्समध्ये ११० पासून चालतं. त्याहून सरळ मार्ग म्हणजे छपाईचे नियम वेगळ्या फाइलीत काढून ती फाइल फक्त बिलाच्या पानावर लिंक करायची. लिंकवर 'मीडिया' ला 'प्रिंट' लिहिलं की ब्राउझर ती कमी प्राधान्याने उतरवतो आणि पान रंगवणं तिच्यासाठी अडवून धरत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर लागतं ते अशा ठिकाणी.

वेगळी फाइल उतरवायची कधी

हेडमधली सीएसएस उतरेपर्यंत ब्राउझर पान रंगवत नाही, म्हणून 'प्रत्येक पानाला तेवढीच सीएसएस' ही कल्पना आकर्षक वाटते. हिशेब मात्र वेगळा निघतो. जीझिपने कॉम्प्रेस केल्यावर सगळ्या ॲप्लिकेशनची सीएसएस ४०-५० केबीच्या आत असेल तर एकच फाइल ठेवणं मला योग्य वाटतं. नावात डायजेस्ट (मजकुरावरून काढलेला खुणेचा कोड) असल्याने ती वर्षभर कॅशमध्ये राहू शकते, आणि सभासद दुसऱ्या पानावर गेला की सीएसएससाठी नेटवर्कला हातही लागत नाही. पानागणिक फाइल केली तर प्रत्येक नव्या पानाला पुन्हा वाट पाहणं आलं. एकाच फाइलीचा तोटाही खरा आहे: एका पानाचं एक मार्जिन बदललं की डायजेस्ट बदलतो आणि सगळ्यांना सगळी फाइल पुन्हा उतरवावी लागते. रोज डिप्लॉय होणाऱ्या प्रकल्पात हे जाणवतं.

मधला मार्ग म्हणजे पानांऐवजी विभागांनुसार तुकडे: एक सामायिक, एक ॲडमिनसाठी, एक छपाईची. ॲडमिनचा लेआउट वेगळा असतोच, त्यात एक जास्तीचा 'स्टाइलशीट लिंक टॅग' लिहिला की झालं. याशिवाय बाहेरच्या लायब्ररींच्या जड फाइली, उदाहरणार्थ नकाशासाठी लीफलेट किंवा मजकुरासाठी ट्रिक्स, त्या-त्या पानावरच जाव्यात.

एखाद्या पानावरून हेडमध्ये लिंक घालायची तर रेल्समध्ये 'कंटेंट फॉर हेड' आणि लेआउटमध्ये 'यील्ड हेड' ही जोडी आहे. व्ह्यू आधी रेंडर होतो आणि लेआउट नंतर, म्हणून व्ह्यूमध्ये लिहिलेलं हेडपर्यंत पोहोचतं. 'यील्ड' सामायिक फाइलीच्या लिंकनंतरच ठेवावं. इथे दोन खड्डे आहेत. 'कंटेंट फॉर' कॅश केलेल्या तुकड्याच्या आत लिहिलं तर पहिल्यांदा पान नीट दिसतं आणि दुसऱ्यांदा स्टाइलविना, कारण कॅशमधून तुकडा आला की आतला कोड चालतच नाही. डेव्हलपमेंटमध्ये कॅशिंग सहसा बंद असतं, म्हणून हा दोष प्रॉडक्शनमध्येच उगवतो. दुसरं, 'कंटेंट फॉर' मजकूर जोडत जातं. यादीच्या प्रत्येक ओळीसाठी रेंडर होणाऱ्या पार्शलमध्ये ते लिहिलं तर ओळी तितक्या लिंका हेडमध्ये येतात. म्हणून ते पानाच्या मुख्य टेम्प्लेटमध्ये, कॅशच्या बाहेर, एकदाच लिहावं.

लेआउटमध्ये कंट्रोलरच्या नावाने थेट लिंक टॅग लिहिण्याची युक्तीही पुष्कळ ठिकाणी सुचवलेली दिसते. ती टाळा. ज्या कंट्रोलरची फाइल नाही तिथे 'ॲसेट सापडली नाही' अशी एरर येते, आणि ती बहुधा लॉगिनच्या पानावर आधी येते, कारण लॉगिनच्या डिव्हाइज या जेमचे (तयार लायब्ररीचे) सेशन्स, पासवर्ड्स वगैरे कंट्रोलर जेममधून येतात आणि त्यांच्या नावाची स्टाइलशीट कुणी केलेली नसते.

वेगळी फाइल पाइपलाइनला सांगावीही लागते. पाइपलाइन चालवणाऱ्या स्प्रॉकेट्स ४ या लायब्ररीमध्ये ॲप-ॲसेट्स-कॉन्फिगमधल्या मॅनिफेस्ट डॉट जेएसमध्ये 'लिंक डिरेक्टरी' ची ओळ असते, पण ती उपफोल्डरांत उतरत नाही. स्टाइलशीट्सच्या आत 'पेजेस' फोल्डर करून त्यात छपाईची फाइल ठेवली तर 'प्रीकंपाइलसाठी जाहीर केलेली नाही' अशी एरर येईल. त्या फोल्डरसाठी 'लिंक ट्री' ची एक ओळ वाढवा. आणि '.सीएसएस' बदलूनही डेव्हलपमेंटमध्ये काहीच बदललेलं दिसत नसेल तर आधी पब्लिकमधलं ॲसेट्स फोल्डर पाहा. कुणीतरी स्थानिक मशीनवर प्रीकंपाइल करून ठेवलेलं असतं आणि जुन्याच फाइली पुढे येत राहतात. 'ॲसेट्स क्लॉबर' हा टास्क चालवला की सुटतं.

रेल्स ८ मध्ये स्प्रॉकेट्सची जागा प्रॉपशाफ्टने घेतली. त्यात 'रिक्वायर' च्या ओळी चालत नाहीत. लेआउटमधला लिंक टॅग ':ॲप' या सिम्बॉलसह लिहिला असेल तर ॲप-ॲसेट्समधल्या सगळ्या सीएसएस फाइली एकेक करून लिंक होतात. म्हणजे 'रिक्वायर ट्री' चाच परिणाम नव्या वाटेने: तुमची छपाईची फाइल प्रत्येक पानावर हजर. पानापुरत्या फाइली ठेवायच्या असतील तर 'ॲप' न वापरता हव्या त्या फाइलींची नावं स्वतः लिहा.

टर्बोचा मुद्दा इथे पुन्हा येतो. टर्बो ड्राइव्हने पान बदलताना नव्या पानाच्या हेडमधली नवी स्टाइलशीट जोडली जाते, पण जुन्या पानाची काढली जात नाही. सभासद बिलाचं पान पाहून तक्रारींकडे गेला की बिलाची छपाईची फाइल तिथेच राहते आणि ए५ चा घोळ पुन्हा सुरू होतो. पान रिफ्रेश केलं की दोष गायब, म्हणून तो शोधताना माणूस थकतो. उलट, त्या लिंकवर सवयीने 'डेटा-टर्बो-ट्रॅक' ला 'रीलोड' लिहिलं तर हेडमधल्या लिंका बदलल्या म्हणून टर्बो पूर्ण पान नव्याने उतरवतं आणि टर्बोचा फायदाच जातो. 'रीलोड' फक्त सगळीकडे असणाऱ्या सामायिक फाइलीवर ठेवा. पानापुरत्या फाइलीवर 'डायनॅमिक' लिहा. हे टर्बो ८ मध्ये आलं, आणि पुढच्या पानावर ती लिंक नसेल तर टर्बो तिला काढून टाकतं.

लेयर

फाइली कधीही, कोणत्याही क्रमाने येऊ लागल्या की 'नंतरचा नियम जिंकतो' या तत्त्वावर भिस्त ठेवता येत नाही. कॅस्केड लेयर, म्हणजे आपण प्राधान्य ठरवून दिलेले नियमांचे गट, याच दुखण्यावर आहेत. २०२२ च्या सुरुवातीला क्रोम ९९, फायरफॉक्स ९७ आणि सफारी १५.४ मध्ये ते आले. सामायिक फाइलीच्या पहिल्याच ओळीत क्रम जाहीर करायचा: '@लेयर रीसेट, पाया, घटक, पान, उपयुक्त'. नावं अर्थातच तुमच्या सोयीची. यादीतला पहिला लेयर सर्वांत खालचा, शेवटचा सर्वांत वरचा, आणि वरचा जिंकतो. त्यानंतर पानाची फाइल दोन मिनिटांनी आली तरी तिचे नियम 'पान' या लेयरमध्येच बसतात, आणि 'घटक' मधल्या कितीही वजनदार सिलेक्टरवर मात करतात. ':व्हेअर' ने वजन उतरवलेले नियम आणि हा क्रम मिळून कुस्ती संपते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कोणत्याही लेयरमध्ये नसलेला नियम सगळ्या लेयरांवर मात करतो. बाहेरच्या लायब्ररीची सीएसएस तशीच लिंक केली तर ती तुमच्या सगळ्यावर भारी पडते, म्हणून तिला इम्पोर्ट करताना सर्वांत खालचा लेयर द्या. आणि '!इम्पॉर्टंट' ला हा क्रम उलटा लागतो: खालच्या लेयरमधला '!इम्पॉर्टंट' वरच्यावर जिंकतो.

सॅस (सीएसएस तयार करून देणारी भाषा) वापरत असाल तर आणखी एक खबरदारी. प्रत्येक वेगळी फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते, म्हणून रंग आणि ब्रेकपॉइंटसाठी ती सामायिक पार्शल '@यूज' करते. त्या पार्शलमध्ये फक्त व्हेरिएबल आणि मिक्सिन असावेत. तिथे एखादा खरा नियम, अगदी '.क्लिअरफिक्स' सुद्धा, असला की तो प्रत्येक पानाच्या फाइलीत छापला जातो. जुनं '@इम्पोर्ट' वापरणाऱ्यांनी बदलाचं काम हाती घ्यावं. डार्ट सॅस १.८० पासून ते कालबाह्य जाहीर झालं आहे.

देवनागरीचं काय

मराठी मजकूर असलेल्या ॲप्लिकेशनमध्ये एक गोष्ट हमखास पानाच्या फाइलीत भरकटते. एखाद्या शीर्षकाचे रफार, वेलांट्या वरून किंवा उकार खालून कापले जातात, आणि ज्या पानावर ते दिसलं त्याच पानाच्या फाइलीत 'लाइन-हाइट' वाढवली जाते. हा पानाचा प्रश्न नाही, लिपीचा आहे. तो ':लँग(एमआर)' वर, पायाच्या लेयरमध्ये, एकदाच सोडवावा. मजकुराला १.६ च्या आसपासची 'लाइन-हाइट' बरी पडते, आणि इंग्रजी डिझाइनमधून आलेलं 'लेटर-स्पेसिंग' तिथेच शून्य करावं, नाहीतर शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात. फॉन्टसाठी '@फॉन्ट-फेस' मध्ये देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा युनिकोड पट्टा लिहिला की देवनागरी अक्षर नसलेल्या पानावर ब्राउझर तो फॉन्ट उतरवतच नाही. पानागणिक फॉन्टची फाइल वेगळी करायची गरज उरत नाही.

जुन्या ढिगाची विभागणी

फोल्डर आधी करून घ्या: पाया, घटक, लेआउट, पानं. पानांच्या फोल्डरची रचना व्ह्यूजच्या फोल्डरसारखीच असावी. बिल्सच्या फोल्डरमध्ये शोचं टेम्प्लेट, तर पानांतल्या बिल्सच्या फोल्डरमध्ये शोची सीएसएस. टेम्प्लेट डिलीट करणाऱ्याला जोडीची फाइल लगेच सापडते, आणि वेगळ्या फाइलीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

मग सगळी जुनी सीएसएस 'जुनं' नावाच्या सर्वांत खालच्या लेयरमध्ये गुंडाळा. त्याआधी तिच्यातले '!इम्पॉर्टंट' मोजा आणि शक्य तितके काढा, कारण खालच्या लेयरमध्ये गेल्यावर ते अधिकच हट्टी होतात. नंतर एकेक पान हलवा. दरवेळी ३६० आणि १२८० पिक्सेल रुंदीला आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवून पाहा, आणि त्यात चुकांसह परत आलेला फॉर्म, रिकामी यादी आणि छपाईचा प्रीव्ह्यू हे तिन्ही धरा.

क्रोमच्या डेव्हटूल्समधलं कव्हरेज पॅनल या पानावर कोणते नियम लागले नाहीत ते दाखवतं. त्यावरून काही पुसू नका. होव्हर, एरर, मोबाइलची रुंदी, हे सगळं 'न वापरलेलं' म्हणून दिसतं. प्रकल्पभर क्लासचं नाव शोधा, आणि तरीही जपून, कारण 'स्थिती-' च्या पुढे डेटाबेसमधला शब्द जोडून तयार होणारे क्लास शोधात सापडत नाहीत. 'थकबाकी' आणि 'भरलेलं' या बिल्ल्यांचे रंग असेच उडतात. टेलविंड हे सीएसएस फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनाही हाच धोका आहे. तेही फाइलींतला मजकूर चाळूनच क्लास तयार करतं, म्हणून असे क्लास पूर्ण नावानिशी एका हेल्परमध्ये लिहून ठेवावेत.

शेवटी स्टाइललिंट या सीएसएस तपासणाऱ्या साधनात 'सिलेक्टर-मॅक्स-स्पेसिफिसिटी' ला ०,३,० ची मर्यादा घाला आणि पानांच्या फोल्डरसाठी ती ०,२,० करा. नुसत्या टॅगवरचे सिलेक्टर पायाच्या फोल्डरबाहेर बंद करा. हे सीआयवर, म्हणजे कोड पाठवल्यावर होणाऱ्या आपोआप तपासणीत, चाललं की बिलांच्या फाइलीतून सभासदांच्या टेबलाची रुंदी बदलणारा कोड मर्ज होण्याआधीच अडतो.